व्हेनिसला जायचंय, पण एका दुपारीपुरतं?

प्रश्न : ताई, येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. कॉलेजात असताना एका कॅलेंडरवर व्हेनिसचा फोटो बघितला तेव्हापासून डोक्यात आहे की कधीतरी त्या काळ्या बोटीत, गोंडोलात, बसायचं. आता ह्यांनी पण मनावर घेतलंय, पण टूरवाल्यांच्या युरोप पॅकेजमध्ये व्हेनिसला फक्त एक दुपार आहे, मुक्काम मेस्त्रेला. मुलगी म्हणते आई तिथे नुसती गर्दी असते, पाण्याला वास येतो आणि गोंडोलाचे पैसे म्हणजे लूट. जाऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जा, नक्की जा, पण त्या एका दुपारीसाठी नको. व्हेनिस बेटांवर आहे आणि मेस्त्रे हे समोरचं जमिनीवरचं गाव, हॉटेलं स्वस्त म्हणून तिथे उतरवतात, ट्रेनने दहा मिनिटांवर आहे हेही खरं, पण होतं काय की भर दुपारी सगळं जग सान मार्कोच्या चौकात असतं नेमके तेव्हा तुम्ही तिथे, आणि गर्दी ओसरायला लागली की तुम्ही परतीच्या बसमध्ये! मुलगी म्हणते ती गर्दी ह्याच वेळेची. मूळ शहरात आता पन्नास हजार लोकसुद्धा राहत नाहीत, त्यामुळे दिवसाचे पाहुणे गेले की रात्री गल्ल्या मोकळ्या होतात, गाड्या तर नाहीतच, आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. तुम्हाला हवंय ते व्हेनिस हे आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, पॅकेजमधली बाकीची चार शहरं सोडा, पण दोन-तीन रात्री बेटावरच राहा. खोली लहान मिळेल आणि महाग पडेल, तरीही.

वासाचं म्हणाल तर भरती-ओहोटीने कालव्यातलं पाणी रोज बदलतं, कडक उन्हाळ्यात ओहोटीला थोडा वास येतो, मे महिन्यात एवढा त्रास नसतो. पाणी शहरात शिरतं ते मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत, आणि २०२० पासून मोठ्या भरतीला पाणी अडवायला समुद्राच्या तोंडाशी दरवाजे उभे करतात, त्यामुळे ती पण काळजी नको.

आता गोंडोला. दर पालिकेने ठरवलेला आहे, २०२३ च्या शेवटी तो दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० झाला, आणि हा अख्ख्या बोटीचा, माणशी नाही. महागच आहे, पण आयुष्यभर मनात ठेवलेली गोष्ट आहे ना, मग बसाच. फक्त सान मार्कोजवळ रांगेत उभं राहू नका, आतल्या एखाद्या लहान कालव्यावरून घ्या. बसताना बोटीकडे नीट बघा हं, ती सरळ नसते, डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर रुंद असते कारण नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने उजवीकडून वल्हवतो, दोन्ही बाजू सारख्या असत्या तर ती गोल फिरत राहिली असती. मला तर ही कारागिरी बघत बसायलाच आवडतं.

आणि एक रात्र वापोरेत्तोसाठी ठेवा, म्हणजे तिथली बसबोट. एक नंबरची लाईन जवळजवळ चार किलोमीटरचा ग्रँड कॅनाल पूर्ण फिरवते, उशिरा गेलात तर बाहेरच्या सीटा मिळतात, दोन्हीकडे जुने वाडे, मध्ये १५९१ साली पुरा झालेला रिआल्तोचा पूल. गोंडोलापेक्षा कितीतरी स्वस्त आणि दोघांना निवांत बोलता येतं.

एप्रिल ते जुलैमधल्या काही दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी असते, मुक्कामाला असणाऱ्यांना माफ आहे पण त्याची ऑनलाईन नोंद आधी करावी लागते, हॉटेलला विचारून घ्या. इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मेचं जायचं तर अपॉइंटमेंट लवकर घ्या. हॉटेल बोटीच्या थांब्याजवळचंच बघा, कारण पुलांना पायऱ्या असतात आणि बॅगा आपल्यालाच उचलाव्या लागतात.