वेल्श बोलता येत नाही, तो माणूस खरा वेल्श असतो का?

तुमच्या कार्डिफच्या, म्हणजे वेल्सच्या राजधानीतल्या कलीगला वेल्शचं, तिथल्या मूळ भाषेचं, एक वाक्य येत नाही तरी इंग्लिश म्हटलं की चिडतो, आणि तुम्ही विचारताय हे नाटक आहे का. नाटक अजिबात नाही. मी नऊ वर्षं उत्तर वेल्सात, ग्विनेदमध्ये नर्स आहे, त्यामुळे राहवलं नाही.

आमच्या वॉर्डात नव्वदीच्या एक आजी होत्या. डिमेन्शियात इंग्रजी पार पुसलं गेलेलं, उरली फक्त लहानपणची वेल्श. रात्री दोनला त्या "पॉइन, पॉइन" करायला लागल्या, चादर मुठीत इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी. एजन्सीच्या नर्सला वाटलं बडबडतायत. मला नेमका तेवढाच शब्द येत होता, दुखतंय म्हणत होत्या हो त्या! डॉक्टरना उठवलं, औषध दिलं, त्या झोपल्या आणि मी दुसऱ्याच आठवड्यात क्लास लावला. आता युनिफॉर्मवर शिकाऊ लोकांचा नारिंगी बॅज आहे, मला त्याचा अभिमान आहे.

पण त्याच वॉर्डातली माझी मैत्रीण दक्षिण वेल्समधल्या मर्थर गावची. दंडावर वेल्सच्या झेंड्यातला लाल ड्रॅगन गोंदलेला, भाषा शून्य. एका पेशंटच्या मुलाने तिला कॉरिडॉरमध्ये सुनावलं, तू कसली वेल्श, तू इंग्लिशच. ती लिननच्या खोलीत जाऊन एकच टॉवेल परत परत घडी घालत बसली. तिच्या पणजीला वेल्श यायची, पण मुलांशी ती त्या भाषेत बोलली नाही, कारण शाळेत वेल्श बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे हे त्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं, आणि 1847 च्या सरकारी अहवालाने तर या भाषेमुळे लोक मागासलेत, अनीतिमान आहेत असं छापूनच टाकलं होतं. त्यात कोळशाच्या खाणींवर बाहेरून माणसं आली. आज मर्थरमध्ये दहा टक्के लोकांनाही वेल्श येत नाही, ग्विनेदमध्ये चौसष्ट टक्क्यांना येते. तरी जनगणनेत स्वतःला फक्त वेल्श लिहिणारे जिथे भरपूर, त्यात मर्थर आहेच. राष्ट्रगीत वेल्शमध्ये आहे, जुनी भाषा टिको असं त्यात मागितलंय, आणि ही बाई ते पाठ म्हणते, डोळ्यात पाणी आणून.

वेल्श भाषेतच 'कम्रो दी-गम्राइग' असा शब्द आहे, म्हणजे वेल्श न येणारा वेल्श माणूस. भाषेनेच त्याला घरात घेतलंय, मग तो पेशंटचा मुलगा कोण काढणारा?

हे मी दादाला सांगितलं तर तो लगेच, मग माझ्या मुलांना मराठी नाही आली तर काय बिघडलं? बिघडलं. तिच्या पणजीच्या मनात लाज भरली होती रे, तुझ्या गळ्यात पुण्यात कुणी पाटी अडकवली? आई फोनवर नातवाशी हिंदीत अडखळत बोलते ते मला बघवत नाही.

तर कलीगला डिवचू नका. हां, ग्विनेदमध्ये दुकानात, शाळेत बरंचसं वेल्शमध्येच चालतं, त्यामुळे इथल्या लोकांना भाषेशिवाय वेल्शपण अर्धं वाटतं, आणि तेही मला पटतं. 2021 च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये वेल्श येणाऱ्यांचा आकडा 17.8 टक्क्यांवर आला, भीती खरी आहे. पण ती भीती मर्थरच्या पोरीवर काढू नये. ती पुढच्या महिन्यापासून माझ्याच क्लासला येतेय, मंगळवारचा, नाइट ड्युटी बदलून घेतलीय आम्ही दोघींनी.