एम.डी. की डी.ओ.? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. भारतात एम.डी. ही एम.बी.बी.एस.नंतरची पदवी असते. अमेरिकेत ती डॉक्टरकीची पहिलीच पदवी आहे. खालच्या उत्तरांत एम.डी. म्हणजे अमेरिकेतली एम.डी. आणि डी.ओ. म्हणजे "डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन" ही तिथली डॉक्टरकीची दुसरी पदवी.

प्रश्न : मुलीचा एमकॅटचा (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर ५०७ आणि जी.पी.ए. (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) ३.६५. एम.डी.च्या एका कॉलेजात ती वेटिंग लिस्टवर आहे, डी.ओ.च्या दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला आहे. तिला ऑर्थोपेडिक्स आवडते, पण इंटर्नल मेडिसिनही चालेल म्हणते. पुण्याचे नातेवाईक विचारतात, "डी.ओ. म्हणजे खरा डॉक्टर का?" एक वर्ष थांबून पुन्हा एम.डी.साठी प्रयत्न करावा का? (एडिसन, न्यू जर्सी)

नातेवाईकांना निःशंकपणे "हो" सांगा. अमेरिकेतल्या डी.ओ. डॉक्टरला पन्नासही राज्यांत औषधे लिहिण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण परवाना मिळतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले डॉक्टर शॉन कॉन्ली आणि जो बायडन यांचे डॉक्टर केव्हिन ओ'कॉनर, दोघेही डी.ओ. ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाताने स्नायू-सांध्यांवर उपचार करण्याची पद्धत, अँड्र्यू टेलर स्टिल यांनी सुरू केली आणि १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावी तिचे पहिले कॉलेज निघाले. तेव्हाचे आणि आजचे शिक्षण यांत फार अंतर आहे. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दोन हजार डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एम.डी. पदवी देण्यात आली. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण पुन्हा घ्यावे लागले नाही. दोन्ही पदव्यांचे काम तेव्हाच किती जवळ आले होते, हे यावरून कळावे.

आज डी.ओ.चा विद्यार्थी तेच शरीरशास्त्र, तेच औषधशास्त्र शिकतो आणि त्याच वॉर्डांत फिरतो. त्याखेरीज हाताने स्नायू-सांध्यांवर उपचार करण्याचे सुमारे २०० तासांचे शिक्षण असते. त्यातल्या कंबरदुखीवरच्या उपचारांना बऱ्यापैकी पुरावा आहे, कवटीच्या हाडांवरच्या उपचारांना मात्र फार कमी. पुढे अनेक डी.ओ. डॉक्टर हे तंत्र क्वचितच वापरतात.

आता वर्ष थांबण्याचे. एम.डी.ला प्रवेश मिळवणाऱ्यांचा सरासरी स्कोअर ५११-५१२ च्या आसपास असतो, डी.ओ.चा ५०४ च्या आसपास. तुमच्या मुलीचा ५०७ डी.ओ.साठी चांगला आहे, एम.डी.साठी काठावरचा. पुन्हा अर्ज करायचा तर स्कोअर किमान पाच-सहा गुणांनी वाढेल याची सराव परीक्षांतून खात्री हवी. नुसते वर्ष गेले म्हणून अर्ज सुधारत नाही. शिवाय हातातली जागा सोडून पुन्हा डी.ओ.कडे वळायची वेळ आली, तर "आधी मिळालेली जागा का सोडली?" हा प्रश्न अनेक कॉलेजे विचारतात आणि त्याचे पटणारे उत्तर देणे अवघड जाते. आमचे मत स्पष्ट आहे: वेटिंग लिस्ट शेवटपर्यंत सोडू नका, पण डी.ओ.ची जागा घ्या. डिपॉझिटची अट मात्र आधी वाचा. एम.डी. कॉलेजे सहसा शंभर डॉलरच्या आतली रक्कम घेतात आणि ती ३० एप्रिलपर्यंत परत मिळते. डी.ओ. कॉलेजांचे डिपॉझिट बहुधा हजार डॉलरांपासून पुढे असते आणि ते परत मिळत नाही.

२०२० पासून दोन्ही पदव्यांची रेसिडेन्सी (पदवीनंतरचे हॉस्पिटलातले प्रशिक्षण) एकाच मान्यताव्यवस्थेखाली आली आहे. २०२४ च्या मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याच्या देशव्यापी प्रक्रियेत) एम.डी.च्या शेवटच्या वर्षाच्या ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली, डी.ओ.च्या ९२.३ टक्क्यांना. इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पेडिॲट्रिक्स यांत पदवीचा फारसा अडसर येत नाही. ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, डर्मटॉलॉजी, ई.एन.टी., प्लास्टिक सर्जरी यांत मात्र येतो. एकूण टक्केवारीत ही तफावत दिसत नाही, म्हणून पालक फसतात. मुलीला फक्त ऑर्थोपेडिक्सच हवे असते, तर आमचा सल्ला थोडा बदलला असता.

ऑर्थोचा मार्ग उघडा ठेवायचा असेल तर परीक्षांचे गणित आधीच मांडा. डी.ओ.ची पदवी मिळवायला कॉम्लेक्स ही डी.ओ.ची परवाना-परीक्षा द्यावीच लागते. एम.डी.वाले देतात ती यू.एस.एम.एल.ई. ही परवाना-परीक्षा ऐच्छिक असते. पण स्पर्धेच्या शाखांतल्या अनेक रेसिडेन्सी प्रोग्रामांना अर्ज एकाच मापाने तपासायचे असतात, म्हणून ते यू.एस.एम.एल.ई.चा स्कोअर मागतात. यू.एस.एम.एल.ई.च्या पहिल्या टप्प्याचा, म्हणजे स्टेप १ चा, निकाल २०२२ पासून फक्त पास-नापास असा लागतो, त्यामुळे सगळा भार दुसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे स्टेप २ सी.के.च्या, स्कोअरवर आला आहे. अभ्यास ताजा असताना आधी यू.एस.एम.एल.ई. द्यावी, मग आठवडा-दहा दिवस ऑस्टिओपॅथीच्या भागाची उजळणी करून कॉम्लेक्स. एक इशारा: सराव परीक्षेत पास होण्याइतके गुण पडत नसतील तर यू.एस.एम.एल.ई.ला बसूच नये. नापासाची नोंद ट्रान्सक्रिप्टवर कायम राहते आणि ती परीक्षा न दिल्यापेक्षा जास्त नुकसान करते. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी महिनाभराच्या ऑडिशन रोटेशन (रेसिडेन्सी हवी त्या हॉस्पिटलात काम करून दाखवणे) कराव्या लागतील. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया इथले पूर्वी ऑस्टिओपॅथिक असलेले ऑर्थो प्रोग्राम त्यासाठी आधी बघावेत.

दोन कॉलेजांतून एक निवडताना इमारत आणि सिम्युलेशन लॅब पाहून भुलू नका. तिसऱ्या वर्षी मुलगी कोणत्या गावातल्या, कोणत्या हॉस्पिटलात असेल ते विचारा. अनेक डी.ओ. कॉलेजांचे स्वतःचे हॉस्पिटल नसते. विद्यार्थ्यांना दूरदूरच्या छोट्या हॉस्पिटलांत पाठवतात, कुठे दर दोन महिन्यांनी घर बदलावे लागते. त्या हॉस्पिटलात रेसिडेंट डॉक्टर आहेत का, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. रेसिडेंट नसले की विद्यार्थी एकाच डॉक्टरमागे फिरतो, टीममध्ये रुग्ण सांभाळण्याची सवय लागत नाही आणि रेसिडेन्सीच्या पहिल्या महिन्यात ते जाणवते. शिफारसपत्रेही अशा डॉक्टरांकडून मिळतात ज्यांना प्रोग्रामवाले ओळखत नाहीत.

कॉलेज "प्लेसमेंट ९९ टक्के" असे छापत असेल तर त्यात किती जण मुख्य मॅचमध्ये लागले, किती जण नंतर उरलेल्या जागांवर गेले आणि किती जणांना फक्त एका वर्षाची प्रिलिमिनरी जागा मिळाली, हे वेगळे मागा. कॉम्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचे प्रमाण आणि चार वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाणही पाहा. कॉलेज नवे असेल आणि पहिली तुकडी अजून बाहेर पडली नसेल, तर पाहायला आकडेच नसतात. दुसरे कॉलेज जुने असेल तर तेच घ्या.

प्रश्न : मुलगा एच-४ वर (आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, पुढच्या वर्षी २१ वर्षांचा होईल. ग्रीन कार्ड अजून दूर आहे. एम.डी.पेक्षा डी.ओ.ला प्रवेश सोपा जाईल का? आणि कर्जाचे काय? (फ्रिस्को, टेक्सास)

तुमच्यापुढचा पहिला अडसर व्हिसाचा आहे, पदवीचा नाही. २१ पूर्ण होताच एच-४ संपतो, त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) साठी अर्ज व्हायला हवा. वकिलाशी आत्ताच बोला. दोन्ही प्रकारची बरीच कॉलेजे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांचेच अर्ज घेतात. एफ-१ चालणाऱ्या कॉलेजांची यादी स्वतः करा आणि प्रवेश कार्यालयाकडून ई-मेलवर होकार घ्या, कारण नियम दरवर्षी बदलतात. काही कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याकडून एका किंवा चारही वर्षांची फी आधी बँकेत अडकवून ठेवायला सांगतात.

सरकारी कर्ज या मुलांना मिळत नाही. खासगी कर्जाला सहसा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार लागतो. ज्यांना सरकारी कर्ज मिळते त्यांच्यासाठीही १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (सरकारी कर्जाची एक योजना) बंद आणि डॉक्टरकीसाठी वर्षाला ५०,००० व एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा, असा नियम आहे. खासगी कॉलेजात, मग ते एम.डी.चे असो वा डी.ओ.चे, फी आणि राहण्याचा खर्च मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

जागा मिळेना म्हणून कॅरिबियन बेटांवरच्या एम.डी.कडे वळण्याचा विचार असेल तर थांबा. परदेशात शिकलेल्या अमेरिकी नागरिकांना २०२४ मध्ये मॅच मिळण्याचे प्रमाण ६७ टक्के होते. अमेरिकेतली डी.ओ.ची जागा त्याहून कितीतरी सुरक्षित आहे.

प्रश्न : नागपूरला एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिप चालू आहे. अमेरिकेत आधी डी.ओ. करून रेसिडेन्सी घेणे सोपे पडेल का? (नागपूर)

नाही. डी.ओ. करायचे तर बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या कॉलेजात काही विषय पुन्हा करावे लागतील, एमकॅट द्यावी लागेल, मग चार वर्षे आणि लाखो डॉलर. तुमच्या पदवीवर ई.सी.एफ.एम.जी.चे (परदेशी वैद्यकीय पदव्या तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचे) प्रमाणपत्र मिळू शकते: स्टेप १, स्टेप २ सी.के. आणि इंग्रजीसाठी ओ.ई.टी. मेडिसिन. परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांचे २०२४ मधले मॅचचे प्रमाण ५८.५ टक्के होते, तेव्हा तयारी कसून हवी. जे-१ (प्रशिक्षणार्थींच्या) व्हिसावर गेलात तर भारताच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि रेसिडेन्सीनंतर दोन वर्षे परतण्याची अट असते. डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात काम स्वीकारले तर तीतून सूट मिळू शकते.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. शनिवार-रविवार चालणारा "डी.ओ." कोर्स करून अमेरिकेत डॉक्टर होता येईल का? (कोल्हापूर)

येणार नाही. तो ऑस्टिओपॅथीचा डिप्लोमा आहे. कॉम्लेक्स परीक्षेला फक्त अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त डी.ओ. कॉलेजांचे विद्यार्थी आणि पदवीधर बसू शकतात. ब्रिटनमध्येही ऑस्टिओपॅथ हा व्यवसाय १९९३ च्या वेगळ्या कायद्याखाली नोंदला जातो आणि तिथले ऑस्टिओपॅथ औषधे लिहून देणारे डॉक्टर नसतात. हाताने उपचार करण्याचे कौशल्य वाढवायला असा कोर्स तुम्हाला उपयोगी पडू शकतो. फी भरण्यापूर्वी प्रत्यक्ष रुग्णांवर देखरेखीखाली किती तास काम करायला मिळते ते विचारा, आणि मानेला झटका देण्याचे तंत्र शिकवताना रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका व आधीची तपासणी शिकवतात का तेही. दवाखान्याच्या पाटीवर ती अक्षरे लिहिलीत तर शेजारी "फिजिओथेरपिस्ट" स्पष्ट लिहा.