रस्ता खाजगी कंपनीला देताना कायदेमंडळाने काय तपासायचं?

तुम्ही विचारलंय की रस्ते, पूल, मेट्रो यांच्या खाजगी भागीदारीवर कायदेमंडळाने लक्ष ठेवायचं कसं, आणि लेखापरीक्षकांचा अहवाल येतोच तर तो पुरेसा नाही का. माझ्या मते नाही. अहवाल हातात पडेपर्यंत सह्या होऊन कितीतरी वर्षं उलटलेली असतात, आणि करार मोडायचा म्हटलं तर भरपाई लोकांच्याच पैशातून जाते. तपासणी सहीच्या आधीच व्हायला हवी.

असे करार मी बरेच वाचलेत. सभागृहात गदारोळ होतो तो टोलच्या दरावर. मी मात्र आधी स्पर्धेचं कलम शोधतो, म्हणजे कंपनीच्या रस्त्याशी स्पर्धा करेल असं काही सरकारने बांधायचं नाही, ही अट. कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीमध्ये, राज्य मार्ग 91 च्या मधोमध 10 मैलांच्या टोल मार्गिका 1995 च्या डिसेंबरात सुरू झाल्या. कंपनीशी करार 35 वर्षांचा. त्यात एक अट अशी की दोन्ही बाजूंच्या दीड मैलाच्या पट्ट्यात राज्याने वाहतुकीची क्षमता वाढवायची नाही. शेजारचा फुकटचा रस्ता तुंबत गेला. राज्याच्या परिवहन खात्याने सुरक्षेचं कारण देऊन तिथे जादा मार्गिका काढायचं ठरवलं, तर कंपनी कोर्टात गेली. शेवटी 2003 मध्ये काउंटीच्या परिवहन प्राधिकरणाने 20 कोटी 75 लाख डॉलर मोजून त्या टोल मार्गिका विकत घेतल्या, तेव्हा कुठे हात मोकळे झाले. एका अटीची ही किंमत! मतदानाआधी ती कुणी मोठ्याने वाचून दाखवली असती तर लोकप्रतिनिधींनी विचारलंच असतं, "म्हणजे आपलाच रस्ता आपण रुंद करायचा नाही?"

वाचायला वेळ मिळणं ही तर पहिलीच गरज. शिकागोने 2008 च्या डिसेंबरात पार्किंग मीटर, म्हणजे रस्त्याकडेला गाडी लावायचे पैसे घेणारी यंत्रं, 75 वर्षांसाठी 115 कोटी डॉलरला खाजगी कंपनीला दिले, आणि घोषणेनंतर दोनच दिवसांत नगर परिषदेने 40 विरुद्ध 5 मतांनी मंजुरी दिली. पुढच्या वर्षी शहराच्याच महानिरीक्षकांनी (पोलिसांतले नव्हे, पालिकेच्या कारभाराची तपासणी करणारे अधिकारी) हिशेब मांडला, की मीटर स्वतःकडे ठेवले असते तर त्यांचं मोल सुमारे 97 कोटी डॉलरने जास्त भरलं असतं. हाच हिशेब मतदानाआधी टेबलावर हवा होता. दोन दिवसांत परिशिष्टंसुद्धा वाचून होत नाहीत.

प्रत्येक निविदेत राजकारण घुसलं तर कंपन्या बोली लावणार नाहीत, असं अधिकारी सांगतात. ही भीती खोटी नाही. म्हणून बोली कुणाची निवडायची यात सदस्यांनी पडू नये. कराराचा मसुदा, सरकारने दिलेल्या हमी आणि करार मध्येच संपला तर द्यायची रक्कम, या गोष्टी बोली मागवण्याआधी सभागृहापुढे याव्यात. हमीचा बोजा दरवर्षीच्या अर्थसंकल्पात आकड्यासह दिसावा. 'व्यावसायिक गुपित' म्हणून एखादं पान झाकायचं असेल, तर निदान लोकलेखा समितीला तरी ते उघडून दाखवावं.

आणि पुरवणी करारांवरची, म्हणजे मूळ करारात नंतर केलेल्या बदलांवरची, नजर ढळू देऊ नका. लॅटिन अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्यापासून 2000 पर्यंत झालेल्या वाहतुकीच्या करारांपैकी निम्म्याहून जास्त करारांच्या वाटाघाटी पुन्हा कराव्या लागल्या. पहिल्या कराराच्या वेळी निदान स्पर्धक तरी असतात. पुरवणीच्या वेळी समोर एकच कंपनी असते आणि काम अर्धवट पडलेलं असतं. मुदत वाढवणारी किंवा टोल बदलणारी पुरवणी सभागृहाच्या मंजुरीशिवाय लागू होणार नाही, एवढं एक वाक्य मूळ कायद्यातच घालून घ्यावं.