उत्तर: नगरपरिषदेचा डेपो आखताना आधी आवार, मग इमारत

ताई, तुमची पोस्ट वाचली. जुन्या जकात नाक्याची दोनेक एकर जागा, त्यावर बांधकाम आणि आरोग्य विभागाच्या गाड्यांचा एकत्र डेपो, सल्लागारानं काढलेलं दुमजली कार्यालय आणि नकाशाखालची टीप, ‘आवाराचं काम दुसऱ्या टप्प्यात’. त्या टिपेमुळेच लिहायला बसलो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

मोजणी, विकास आराखड्यातलं आरक्षण, पूररेषा हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

आमच्या मूळ अंदाजपत्रकात काँक्रीटचं आवार, गटारं, गाड्या धुण्याचा रॅम्प, तेल-ग्रीस अडवणारं चेंबर, सगळं होतं. प्रशासकीय मान्यताही (म्हणजे काम आणि खर्चाला मंजुरी) मिळाली. तांत्रिक मान्यतेला (नकाशे-अंदाजपत्रक तपासून घ्यायला) फाइल ज्या कार्यालयात गेली (नाव घेत नाही, तिथली मंडळी इथंही असतील) तिथं या सगळ्यावर लाल रेघ. का, तर ‘इमारतीच्या नमुना अंदाजपत्रकात या बाबी नाहीत.’ भेटायला जावं तर साहेब दौऱ्यावर. भेटले की म्हणणार पत्र द्या. पत्र दिल्यावर तोंडी सल्ला, ‘काम सुरू करा, नंतर वाढीव बाब (मूळ मंजुरीत नसलेलं जादा काम) म्हणून घ्या.’ लेखी द्यायला कुणी तयार नाही. एवढी मोठी रक्कम वाढीव बाबीत घालून लेखापरीक्षणाचा आक्षेप अंगावर घ्यायला आमचे मुख्याधिकारी नाही म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

इमारत झाली, उद्घाटन झालं, फीत कापली. जमीन काळी, वर नुसता मुरूम. पावसाळ्यात भरलेला टँकर रुतला, तो ओढायला गेलेला जेसीबी त्याच्याशेजारी रुतला. गाड्या धुतलेलं तेलकट पाणी खालच्या शेतात गेलं, शेतकऱ्याची नोटीस आली. नोटिशीला उत्तर कुणी द्यायचं? आम्हीच. लाल रेघ मारणाऱ्याची तोवर बदली झालेली. मग गाड्या पूर्वीसारख्या रस्त्याकडेला उभ्या आणि नव्या इमारतीत जुने दप्तर.

म्हणून माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: पैसे कमी पडत असतील तर वरचा मजला काढा, आवार काढू नका. डेपोत फायली कमी आणि चाकं जास्त असतात. आवाराचं उपअंदाजपत्रक स्वतंत्र करा, पण त्याच प्रशासकीय मान्यतेत आणि त्याच निविदेत ठेवा. कुणी खोडलंच तर कारण लेखी मागा. (नियम मधे बदलले असतील; तुमच्या लेखापालांना एकदा विचारा.)

पेव्हर ब्लॉक दुचाकींपुरते ठीक. जेसीबी जागच्या जागी वळतो तिथं ते उखडतातच, तिथं काँक्रीटच हवं. शेडची उंची उभ्या गाडीवरून धरू नका. टिपरचा हौदा पूर्ण उचलून फिटरला खाली काम करता आलं पाहिजे, कॉम्पॅक्टरचं (कचरा दाबून भरणाऱ्या गाडीचं) मागचं झाकणही वर जातं. शेडची उघडी बाजू पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला नको, सगळा पाऊस आत येतो. खडी-मुरुमाचे कप्पे फाटकाजवळ घ्या, म्हणजे बाहेरचे डंपर गॅरेजपर्यंत येणार नाहीत.

वळणाची जागा नकाशावर कितीही पुरेशी दिसो, प्लॉटवर चुन्याची फक्की मारून घ्या आणि तुमचा सर्वात लांब कॉम्पॅक्टर त्यातून फिरवा. चालक आणि मुकादम दोघांना बोलवा. सल्लागारालाही बोलवा, उन्हात.

डिझेलचा विषय सल्लागारानं सोडूनच दिलाय. एका जागी एकूण 2500 लिटरपर्यंत आणि एकेका पिंपात 1000 लिटरपेक्षा जास्त नाही, अशा साठ्याला पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात तर परवाना आणि सुरक्षित अंतर आलं, म्हणजे मांडणीच बदलते. हे आत्ताच ठरवा. विजेच्या घंटागाड्या घ्यायचा विचार असेल तर चार्जिंगचा भारही आत्ताच धरा, नंतर ट्रान्सफॉर्मरला जागा उरत नाही.

तुमच्या नकाशावर लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीचे आकडे, कुठंच दिसत नाहीत. कंटूरचा (चढ-उताराच्या रेषांचा) नकाशा टाकलात तर पाणी कोणत्या कोपऱ्यातून काढायचं ते बघून सांगतो.