यादी कोणाची, ते आधी विचारा

वडोदऱ्यातल्या जुन्या घरांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. प्रश्न आटोपशीर केले आहेत, उत्तरं जमेल तितकी सविस्तर.

प्रश्न : तांबेकर वाडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. वाडा पुरातत्त्व खात्याचा, घर आमचं. कौलं फुटलीत, चार वासे कुजलेत. आपल्याच घराच्या दुरुस्तीला परवानगी लागते का? (रावपुरा)

लागते. तांबेकर वाडा केंद्राच्या संरक्षित यादीत आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा प्रत्येक वास्तूच्या भोवतीचे १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून धरत नाहीत. संरक्षित हद्दीपासून धरतात, तेही सरळ रेषेत. बोळ कितीही वळणं घेत तुमच्या दारापर्यंत येत असला तरी त्याचा उपयोग नाही.

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही. जुनं पाडून तेवढंच पुन्हा उभारणंही बसत नाही. बसते ती फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण, आणि तेही १६ जून १९९२ पूर्वी उभ्या असलेल्या किंवा त्यानंतर रीतसर मंजुरीने बांधलेल्या इमारतीचं. म्हणून पहिला सल्ला हाच, की घर मोकळं करून ‘नंतर बघू’ म्हणू नका. पाडलेल्या घराची दुरुस्ती होत नाही.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या परवानग्यांसाठी केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. त्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने २ महिन्यांत शिफारस कळवायची आणि त्यानंतर महिन्याभरात सक्षम प्राधिकाऱ्याने निकाल द्यायचा. म्हणजे कागदावरच साडेतीन महिने. दिवाळीनंतर छपराला हात घालायचा असेल तर अर्ज आषाढातच गेलेला बरा. सोबत सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, १९९२ पूर्वीची वेरा (घरपट्टी) पावती किंवा खरेदीखत, चारही बाजूंचे फोटो, आज आहे तसा नकाशा आणि प्रस्तावित कामाचा नकाशा ठेवा. बहुतेक अर्ज अडकतात ते जुनेपणाच्या पुराव्यावर. वीजबिल आजोबांच्या नावाचं आणि कार्ड काकांच्या, असं असेल तर वारसनोंद आधी करून घ्या.

अर्जात ‘कौलं, रिपा आणि चार वासे बदलणे, उंचीत फरक नाही’ असं नेमकं लिहा. ‘छप्पर काढून स्लॅब’ लिहिलंत की प्रस्ताव दुरुस्तीच्या व्याख्येतून निसटायची भीती असते. महापालिकेची परवानगी लागत असेल तर ती वेगळी. एकीच्या जोरावर दुसरी मिळत नाही. आणि विनापरवाना काम केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो.

प्रश्न : आमचं घर मोजणीत संरक्षित हद्दीपासून १८० मीटरवर येतं. वर एक मजला चढवता येईल? (दांडिया बाजार)

तुम्ही विनियमित क्षेत्रात आहात. तिथे नवं बांधकाम आणि पुनर्बांधणी दोन्हींना वाव आहे, पण परवानगी घेऊनच. मजल्याची उंची पाण्याच्या टाकीसकट दाखवा. टाकी आणि जिन्याची टोपी नकाशात राहून गेली की अर्ज परत येतो.

प्रश्न : भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. त्याचं घर तिथल्या राष्ट्रीय यादीतल्या ऐतिहासिक वस्तीत येतं. तरी त्याने कोणाला न विचारता खिडक्या बदलल्या. इथे आमचं नाव कुठल्याच यादीत नाही आणि छपराला साडेतीन महिने! हे कसं? (घडियाळी पोळ)

कारण या दोन याद्यांची कामंच वेगळी आहेत. अमेरिकेची ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ १९६६ च्या कायद्याने आली. ती नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते आणि नोंदी राज्य व काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांनुसार लावलेल्या असतात. साधारण ५० वर्षांहून जुनी वास्तू, पूल, शेतवाडी किंवा अख्खी वस्ती तिच्यात जाऊ शकते. वस्तीची नोंद झाली की आतलं एकेक घर तपासून ते तिच्या ऐतिहासिकपणात भर घालणारं की नाही, हे लिहिलं जातं. खाजगी मालकाने रीतसर हरकत घेतली तर वास्तू यादीत जात नाही. वस्तीच्या बाबतीत निम्म्याहून अधिक मालकांची हरकत लागते.

पण ही नोंद मालकाचे हात बांधत नाही. स्वतःच्या पैशाने तो खिडक्या बदलेल, घर पाडेलसुद्धा. केंद्राचा निधी किंवा परवाना गुंतला असेल तेव्हा मात्र सरकारी खात्याला आधी परिणाम तपासावा लागतो. खरा चाप असतो तो गावाच्या स्वतःच्या वारसा-नियमांचा, आणि ते सगळीकडे नसतात. भाच्याला म्हणावं, खिडक्या झाल्या त्या झाल्या, पण आपल्या टाऊनशिपचे नियम एकदा वाच. २० टक्के करसवलतीची आशाही त्याने धरू नये. ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींना मिळते, राहत्या घराला नाही.

आपल्याकडे गणित उलटं आहे. संरक्षण एका वास्तूचं आणि बंधन तीनशे मीटरांतल्या शेजाऱ्यांवर. तुमची कुरकूर आम्हाला समजते. वस्तीच्या वस्तीची नोंद करायची तिकडची रीत मात्र आपल्या पोळांना (जुन्या शहरातल्या गल्ली-वस्त्यांना) चांगली लागू पडेल. एकटा वाडा वाचतो आणि त्याची पोळ हरवते, हे आपण बघतोच आहोत.

प्रश्न : पणजोबांनी बांधलेला सागवानी वाडा ‘संरक्षित’ करून घ्यायचा आहे. (बाजवाडा)

नक्की कोणाकडून? केंद्राच्या कायद्यात वास्तू किमान १०० वर्षांची आणि राष्ट्रीय महत्त्वाची लागते. सरकार राजपत्रात दोन महिन्यांची सूचना काढतं, तिची प्रत वास्तूपाशी लावतं, हरकती ऐकतं आणि मग घोषणा करतं. राज्याचा कायदा वेगळा, १९६५ चा. तिसरा रस्ता शहर-विकास नियमांतल्या वारसा-तरतुदींचा. त्यासाठी टाऊन प्लॅनिंग शाखेत लेखी विचारा. नुसतं मोठं असणं म्हणजे यादीत असणं नव्हे. १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मी विलास पॅलेसही केंद्राच्या यादीत नाही, तो राजघराण्याची खाजगी मिळकत आहे.

केंद्राचं संरक्षण मिळालंच, तर वरची १०० मीटरची रेघ तुमच्या शेजाऱ्यांभोवतीही पडेल. त्यांच्याशी आधी बोला. दरम्यान वाड्याची फाईल मात्र आत्ताच करा : मजलावार मापं, प्रत्येक खोलीच्या चार भिंतींचे फोटो, खांबांवरचं नक्षीकाम, जुनी कागदपत्रं. कोणत्याही कचेरीत पहिल्यांदा हीच मागतात.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर केलं. आता आत कमरेएवढ्या उंचीपर्यंत पापुद्रे सुटतात. माजघराच्या भिंतीवर चुन्याखाली जुनी चित्रंही दिसताहेत. (सुलतानपुरा)

दोन्ही दुखणी ओलीची आहेत. जुनी वीट आणि चुना ओल घेतात आणि सोडतात. सिमेंटने बाहेरची वाट बंद झाली, म्हणून ओल वर चढून आत फुटते. पाणी उडतं, क्षार मागे राहतो, तो विटेच्या पोटात स्फटिक धरतो आणि विटेचं पीठ होतं. भिंतीतली सागवानी तुळईची टोकंही तिथेच कुजतात.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. शहरात वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढून रस्ता जोत्याच्या वर आलेला असतो, पन्हळ तुटलेली असते, मोरी झिरपत असते. ते बंद झाल्यावर सिमेंट छिन्नी-हातोडीने, तीन-चार फुटांच्या पट्ट्यांत उतरवा. ब्रेकर लावलात तर विटाही येतील. भिंत एक उन्हाळा उघडी राहू द्या. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. धुतला की तो पुन्हा आत जातो.

नव्या प्लॅस्टरला किमान तीन आठवडे भिजवलेला चुना १ भाग, सुरखी (विटांची भुकटी) १ भाग, चाळलेली नदीची वाळू २ भाग. कळीचा चुना विरवताना चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो, उडतो, डोळे जातात. भिंत भिजवून पहिला हात १२ मिलिमीटर, तो घट्ट झाल्यावर दुसरा ८. वर ओलं गोणपाट ७ ते १० दिवस. इथेच गवंडी कंटाळतात, आणि भेगांचा दोष मग चुन्यावर येतो. गूळ-बेलफळ घालतात ते ठीक, पण त्याने गोणपाटाची कसर भरून निघत नाही. काम पावसात नको, वैशाखातही नको. रंग चुन्याचाच द्या, प्लॅस्टिक पेंटने सगळी मेहनत पुन्हा बंद होते.

चित्रांची भिंत यातून पूर्ण वगळा. कोरड्या गिलाव्यावरचे रंग ओल्या फडक्यानेही निघून येतात, आणि चाकूने चुना खरवडणं म्हणजे चित्रच खरवडणं. सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी विभागात चौकशी करून संवर्धकाला बोलवा. तो आधी दोन-तीन सेंटिमीटरची एक खिडकी उघडून रंग धरतो की नाही ते पाहील. तोवर त्या भिंतीला खिळा नको, कपाट चार बोटं पुढे ओढा, आणि तिच्या मागे मोरी असेल तर तिची गळती सगळ्यात आधी थांबवा.