स्वप्नात ओट्याची जागा सापडेल का?

प्रश्न: मी इंटिरिअरची कामं करते. एका ७ बाय ८ फुटी स्वयंपाकघराचा आराखडा आठवडाभर अडलाय. ल्युसिड ड्रीममध्ये, म्हणजे ‘हे स्वप्न आहे’ असं स्वप्नातच कळल्यावर, असे प्रश्न सुटतात म्हणे. नेमकं करायचं काय?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: ओटा कुठे घ्यावा ही कल्पना स्वप्नाकडून जरूर घ्या, मापं मात्र नकोत. स्वप्नातले आकडे आणि अक्षरं पुन्हा बघेपर्यंत बहुतेकदा बदललेली असतात. याच खुणेचा उपयोग करा: दिवसातून चार-सहा वेळा एखादी पाटी दोनदा वाचा आणि ‘मी स्वप्नात आहे का?’ असं मनापासून विचारा. ही सवय हळूहळू स्वप्नातही उतरते.

आधी दोन आठवडे, उठल्याउठल्या स्वप्नं लिहून काढा. ती आठवतच नसतील तर पुढची खटपट फुकट. मग सुट्टीच्या आदल्या रात्री १० मिनिटं आराखडा रेखाटा आणि अडचण एका ओळीत लिहा, ‘फ्रिज उघडला की ओट्याशी उभं राहता येत नाही’ अशी. ११ला झोपणार असाल तर ४.३०चा गजर लावा, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. उठल्यावर वीसेक मिनिटं मंद दिव्यात तोच कागद बघा. मोबाइल अजिबात नको. परत आडवं झाल्यावर शेवटचं स्वप्न आठवत ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल, की हे स्वप्न आहे’ असं घोकत राहा. स्टॅनफर्डमध्ये ल्युसिड स्वप्नांवर संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांची ही पद्धत.

भान येताच माणूस इतका हरखतो, की जागच येते. बहुतेकांचं इथेच फिसकटतं. ते टाळायला स्वप्नातच तळहात चोळा, फरशी निरखा, मग त्या स्वयंपाकघराचं दार उघडा. हुकूम सोडू नका. हात कुठे अडतो तेवढं बघा. जाग आली की कूस न बदलता सगळं आठवा, मग लिहा.

घाई असेल तर दुपारी खुर्चीत चमचा धरून बसा, खाली ताटली ठेवा. डोळा लागला की चमचा वाजतो; त्या क्षणी मनात असेल ते टिपा. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅरिसच्या प्रयोगात, किमान १५ सेकंद हलक्या झोपेत गेलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना गणितातला लपलेला नियम सापडला. जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. त्याहून गाढ झोपेत गेलेल्यांना हा फायदा मिळाला नाही.

प्रश्न: महापेत रात्रपाळी असते. गजराचा प्रयोग चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. दिवसाची झोप आधीच तुटपुंजी. ती आणखी मोडू नका. चमच्याची डुलकी पुरे. निद्रानाश किंवा भास होण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका.