'एलेसिंग' हे आडनाव नव्हे

प्रश्न असा आहे: दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स या जुन्या राज्याच्या पहिल्या राजाचं नाव काही ठिकाणी 'सर्डिक एलेसिंग' असं दिसतं. एलेसिंग हे आडनाव समजायचं का? आणि मराठीत सर्डिक लिहावं, केर्डिक की चेर्डिच?

आडनाव नाही. जुन्या इंग्रजीतला हा 'इंग' अपत्यार्थक प्रत्यय आहे. दशरथाचा तो दाशरथी, तसा एलेसाचा तो एलेसिंग. आजच्या इंग्रजी क्रियापदांना लागणारा 'इंग' वेगळा, त्याच्याशी गल्लत नको. अनेकवचनात हाच प्रत्यय घराणं दाखवतो: वुफावरून पूर्व अँग्लियाचे वुफिंगास, ओइस्कवरून केंटचे ओइस्किंगास. बर्मिंगहॅमच्या पोटातला 'इंग'ही हाच, बेओर्मा नावाच्या कुणाची तरी माणसं.

'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या जुन्या इंग्रजीतल्या बखरीच्या 552 सालच्या नोंदीत वंशावळ अशी चालते: चेर्डिच एलेसिंग, एलेसा एस्लिंग, एस्ला गेविसिंग, गेविस विगिंग... आणि शेवटी बाल्डेग वोडेनिंग, म्हणजे थेट वोडेन देवापर्यंत. (पूर्वजांची नावं इथे लिपीप्रमाणे दिली आहेत. उच्चारात गेविसच्या 'ग'चा 'य' होतो.) प्रत्येक जोडीत आधी मुलगा, मग बाप. मात्र नुसता 'इंग' छाटला की बापाचं नाव हाती लागतंच असं नाही. आकारान्त नावांचा शेवटचा 'आ' प्रत्ययापुढे गळतो. विगिंगचा विग सरळ निघतो, पण एस्लिंगचा एस्ल की एस्ला, हे त्या शब्दावरून ठरत नाही. पुढच्या जोडीचा पहिला शब्द पाहायचा. 'एलेस' नावाचे भलतेच पूर्वज जन्माला येतात ते हे न पाहिल्यामुळे.

दुसरी अडचण अशी की 'इंग' म्हणजे दर वेळी मुलगाच असं नाही, वंशजही असू शकतो. क्रॉनिकलमध्ये चेर्डिचनंतरचा राजा किन्रिच हा 'चेर्डिचिंग' आहे. अल्फ्रेड राजाचा चरित्रकार अ‍ॅसर मात्र दोघांच्या मध्ये क्रेओडा नावाची एक पिढी घालतो. व्याकरणाच्या बाजूने दोन्ही खपतं. राम दाशरथी आहे तसा राघवही आहे, आणि रघू तर त्याचा पणजोबा.

आता या पूर्वजांवर विश्वास किती ठेवायचा? फार नाही. आठव्या शतकातला इतिहासकार बीड सांगतो की वेस्ट सॅक्सनांना, म्हणजे वेसेक्सच्या लोकांना, पूर्वी गेविसे म्हणत. तेव्हा गेविस हा माणूस टोळीच्या नावावरून बेतलेला दिसतो. एलेसा-एस्ला, गेविस-विग, फ्रेआविने-फ्रिथुगार, ब्रोंड-बाल्डेग या जोड्यांतला अनुप्रासही पाठांतरासाठी रचल्यासारखा आहे. ब्रोंड, बाल्डेग, वोडेन ही वरची टोकं तर उत्तरेकडच्या बर्निसिया राज्याच्या इडा राजाच्या वंशावळीतही आहेत. वेसेक्सवाल्यांनी ती तिथून उचलली, हे अभ्यासक केनेथ सिसम यांनी 1953 मध्ये मांडलं. क्रॉनिकलला नावावरून माणूस बेतण्याचं वावडं नव्हतंच: 501 साली पोर्ट नावाचा माणूस पोर्ट्समथला उतरतो, म्हणजे लॅटिन 'पोर्टुस'चा, बंदराचा, चक्क वीर झाला! 855 च्या नोंदीत हीच वंशावळ नोहामार्गे आदमपर्यंत नेली आहे.

खरा ऐवज आहे तो 'चेर्डिच' या नावातच. ते सॅक्सनांच्या जर्मानिक भाषेतलं नाही, ब्रिटॉनिक आहे, म्हणजे सॅक्सनांच्या आधीपासून तिथे असलेल्या ब्रिटन लोकांच्या भाषेतलं. मूळ रूप कारातिकोस, वेल्शमध्ये केरेदिग. 495 मध्ये पाच जहाजं घेऊन आला, 508 मध्ये नाटानलेओड या ब्रिटन राजाला पाच हजार माणसांसह मारलं, 534 मध्ये वारला, असं ज्याच्याबद्दल क्रॉनिकल लिहितं, त्याचं नाव शत्रूच्या भाषेतलं. या सालांचा भरवसा नाही. पण सॅक्सन मूळपुरुष बनवायला बसलेला माणूस त्याला ब्रिटन नाव कशाला देईल? म्हणून मला सगळ्या यादीत हेच नाव सर्वांत अस्सल वाटतं.

राहिलं लेखन. 'सर्डिक' हे आजच्या इंग्रजी वाचनाचं रूप. जुन्या इंग्रजीत या जागी, म्हणजे 'ए'च्या आधी आणि शेवटच्या 'इ'नंतर, 'सी' अक्षराचा 'च' होतो, म्हणून चेर्डिच. त्याच हिशेबाने किन्रिचनंतरचा राजा चेआवलिन. किन्रिचच्या सुरुवातीला मात्र 'क'च राहतो, कारण तिथला स्वर मुळात 'उ' होता आणि 'क'चा 'च' होण्याचा काळ सरल्यावर तो पालटला. लेखात चेर्डिच वापरावं आणि पहिल्या उल्लेखाला 'सर्डिक' कंसात द्यावं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं. 'इंग'साठी 'पुत्र', 'सुत' जोडत बसायची गरज नाही. आपली षष्ठी पुरते: चेर्डिच एलेसाचा, एलेसा एस्लाचा, एस्ला गेविसचा.